बोहल्यापासून वीस पावलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आपल्याकडच्या लग्नांत पाहण्याला फार जपलेलं आहे. मंगलाष्टकं चालू असतात, वधू-वरांच्या मध्ये अंतरपाट धरलेला असतो आणि शेवटचं ‘सावधान’ होऊन तो बाजूला होईपर्यंत दोघांनी एकमेकांना पाहायचं नसतं. आमच्याकडे काही घराण्यांतून आरसी-मुसहफची रीत आहे. निकाह झाल्यावर नवरा-नवरीला शेजारी बसवतात, दोघांच्या डोक्यावर ओढणी धरतात, पुढ्यात कुराण शरीफ आणि आरसा ठेवतात. नवऱ्याला नवरीचा चेहरा पहिल्यांदा दिसतो तो त्या आरशात. एका घरी कापड, दुसऱ्या घरी काच. पण पहिली नजर धसमुसळी असू नये, ही काळजी दोन्हीकडे सारखीच.

या दोन्ही ठिकाणी एक तिसरा माणूस हजर असतो. तो मुलाकडचा नसतो, मुलीकडचाही नसतो. तो म्हणजे फोटोग्राफर. अंतरपाट दूर होताना नवरीच्या चेहऱ्यावर काय उमटलं, हे कधी कधी नवऱ्याच्याही आधी त्याच्या भिंगाला कळतं. या माणसानं कुठं उभं राहायचं, हे ना भटजींच्या पोथीत लिहिलेलं, ना काझींच्या वहीत. ते ठरवलं भिंगं बनवणाऱ्यांनी, आणि काळाप्रमाणे ते बदलत गेलं. त्या बदलाची हकिगत आज सांगायची आहे. रेडिओवरून फोटोंविषयी बोलायचं म्हणजे नुसत्या वासावर जेवण उरकण्यासारखं आहे, पण बघू या.

फोटोग्राफीचा जन्म १८३९चा धरतात. पुढच्याच वर्षी, १८४०च्या फेब्रुवारीत, इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या राणीचं लग्न, पण त्याचा एकही फोटो नाही. निघणं शक्यच नव्हतं. त्या वेळच्या कॅमेऱ्यापुढं माणसाला काही मिनिटं दगडासारखं बसून राहावं लागे, आणि लग्नात स्वस्थ बसणार कोण? पुढं १८५४ साली रॉजर फेंटन यानं राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांचे दरबारी पोशाखातले फोटो काढले. ते आजही पुष्कळदा लग्नाचे म्हणून दाखवले जातात. प्रत्यक्षात तेव्हा लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

त्याच १८४० साली व्हिएन्नात जोसेफ पेट्झवाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं खास चेहऱ्यांसाठी एक भिंग आखलं. त्यातून इतका जास्त उजेड आत येई की मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. त्यासाठीची आकडेमोड प्रचंड होती, म्हणून ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले हिशेबात तरबेज शिपाई त्याच्या मदतीला देण्यात आले, असं सांगतात. गोळा कुठं पडेल याचं गणित करणारी माणसं चेहऱ्यावरचा उजेड मोजायला बसली. भिंग तयार केलं फॉइग्टलेंडर या कंपनीनं. हे नाव लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सभासदांत होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः कॅमेरा चालवत. पण लग्नाचा फोटो म्हणजे लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला जोडप्याचा फोटो, असंच पुढं बराच काळ चाललं. नवरा खुर्चीत बसलेला, बायको खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी, मागे रंगवलेला पडदा. दोघंही कॅमेऱ्याकडे असं पाहतात, की जणू समोर मामलेदार उभा आहे.

अनेक घरांतल्या बायका स्टुडिओपर्यंतही जात नसत. निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी यावर तोड काढली. १८९२ साली त्यांनी हैदराबादला खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. उंच भिंतींच्या आत, आणि कारभार एका इंग्रज बाईंच्या हाती. पडदा पाळणाऱ्या बाईचा चेहरा कागदावर यायचा असेल तर आधी पाहणारं माणूस बदललं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. एका व्यावसायिकाचं हे शहाणपण मला त्या काळच्या पुष्कळ सुधारकी व्याख्यानांपेक्षा मोलाचं वाटतं.

याच्या एकच वर्ष आधी, १८९१ साली, लंडनमध्ये थॉमस डॉलमेयर आणि जर्मनीत आडोल्फ मीठे हे दोघं एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच युक्तीशी येऊन पोचले होते. युक्ती तशी जुनी. खगोलशास्त्रज्ञ केपलरनं १६११ सालच्या आपल्या ग्रंथात तिचा विचार मांडून ठेवला होता. पुढं बहिर्वक्र भिंग, म्हणजे मधे फुगीर. त्याच्या मागे काही अंतरावर अंतर्वक्र, म्हणजे मधे खोलगट. पुढचं भिंग किरण गोळा करतं, मागचं ते थोडे फाकवतं. त्यामुळे लांबलचक नळी न लावताही दूरची वस्तू मोठी दिसते. हेच टेलिफोटो भिंग. ते डोंगरांवर रोखलं गेलं, गलबतांवर, जनावरांवर रोखलं गेलं. लग्नाच्या मांडवात त्याचं काय काम, असा विचारही कुणाच्या मनात आला नसेल. दूरचं जवळ आणणारी काच तिकडे तयार होत होती आणि त्याच सुमाराला हैदराबादेत, परक्या नजरेनं जवळ येऊ नये म्हणून भिंत बांधली जात होती. या दोन गोष्टींची गाठ पडायला शंभरहून अधिक वर्षं जावी लागली.

टेलिफोटोची अडचण अशी, की ते एकाच अंतराचं असतं. माणूस चार पावलं पुढं आला की चौकटीतून त्याचं डोकं कापलं जातं. म्हणून भिंगाच्या आतल्या काचा मागं-पुढं सरकवून दृश्य लहान-मोठं करण्याची कल्पना निघाली. तिचं एक अमेरिकन पेटंट १९०२ सालचं आहे. १९३२ साली सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठी असं भिंग बाजारात आलं. मग व्हिएन्नातच जन्मलेल्या आणि पुढं अमेरिकेत स्थायिक झालेल्या फ्रँक बॅक यांनी १९४०च्या दशकात टेलिव्हिजनसाठी ‘झूमर’ हे भिंग बनवलं. ‘झूम’ हा शब्द विमानाच्या एकदम वर झेप घेण्यावरून आलेला. स्थिर फोटोंच्या छोट्या कॅमेऱ्यासाठी पहिलं झूम भिंग त्यांनीच आखलं, ते १९५९ साली आलं आणि ते विकलं फॉइग्टलेंडर कंपनीनं. तीच, पेट्झवालवाली. त्याच वर्षी जपानच्या निकॉननं ८५ ते २५० मिलिमीटरचं टेलिफोटो झूम जाहीर केलं. धोपटण्यासारखं मोठं, आणि हातात धरून वापरायचं तर मनगटाची परीक्षाच.

म्हणजे टेलिफोटो झूम १९५९ पासून जगात आहे. मग आपल्या अल्बमांत ते दिसत का नाही? सोलापुरात माझे एक स्नेही आहेत, दोन पिढ्यांचा फोटो स्टुडिओ आहे त्यांचा. त्यांना हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘भिंग होतं हो, उजेड कुठं होता?’’ झूम भिंगात काचा पुष्कळ, त्यातून उजेड कमी येणार. फिल्म मंद. मंगल कार्यालयात दोन-चार ट्यूबलाइट. मग फ्लॅशशिवाय गती नाही, आणि फ्लॅशचा हिशेब असा, की अंतर दुप्पट झालं की पोचणारा उजेड चौथा हिस्सा राहतो. दहा फुटांपलीकडे गेलं की अंधार सुरू. त्यामुळे फोटोग्राफर बोहल्यावरच चढून उभा राही, नवरा-नवरीपासून सहा-आठ फुटांवर.

हातात बहुधा याशिका मॅट. वरून डोकावायचा, दोन भिंगांचा चौकोनी कॅमेरा. भिंग एकच अंतराचं, ८० मिलिमीटरचं. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यात पाहताना मान खाली घालावी लागे, म्हणून तो लवून नमस्कार करतोय असंच वाटे. प्रत्यक्षात हुकूमत त्याचीच. बारा फोटोंत एकही वाया घालवणं परवडणारं नव्हतं. म्हणून ‘‘हार तसाच धरा’’, ‘‘इकडं बघा’’, ‘‘पुन्हा एकदा घास भरवा’’. भटजींनी मंत्र थांबवले, काझींनी सहीचं पेन वहीवर टेकवून धरलं, असे कितीतरी फोटो घरोघर सापडतील. त्यात विधी आहे, पण तो फोटोसाठी थांबवलेला.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न १९८२ साली झालं. आम्ही तिला आपा म्हणतो. या स्नेह्यांच्या वडिलांनीच फोटो काढले होते. दोन रोल, चोवीस फोटो. सेहरा बांधलेले दूल्हाभाई, काझीसाहेब, वकील आणि गवाह, सह्या, छुहारे वाटणारे चाचा, जेवणाच्या पंगती. सगळे पुरुष. आपा एकाच फोटोत आहे, तीही मान इतकी खाली घातलेली की दिसतो तो घुंघट. अम्मी एकाही फोटोत नाही. आतल्या खोलीत फोटोग्राफरनं यायचं नाही, हे न सांगता ठरलेलं होतं, आणि आतलं दिसावं असं काही साधन त्याच्यापाशी नव्हतं. ज्या बाईनं सहा महिने ते लग्न उभं केलं, ती त्या लग्नाच्या पुराव्यातच नाही. ही गोष्ट काही आमच्याच घरची नव्हे. जुने अल्बम काढून पाहा. हिंदू घरांतही नवरीची आई कन्यादानाच्या एका फोटोपुरती येते. बाकीचा वेळ ती कुठं तरी मागे, भांड्यांच्या आणि पाहुण्यांच्या गराड्यात असते.

हे चित्र बदललं ते हळूहळू, आणि त्यात एकाच शोधाचा हात नाही. १९८०च्या दशकात ८० ते २०० मिलिमीटरची, सबंध पल्ल्यात ‘एफ २.८’ इतकं मोठं तोंड असलेली झूम भिंगं येऊ लागली. हा २.८चा आकडा लग्नाच्या फोटोग्राफरला फार महत्त्वाचा. ५.६च्या भिंगापेक्षा यातून चौपट उजेड येतो. पण दुसरी पंचाईत हाताच्या थरथरण्याची. २०० मिलिमीटरवर हात जरा हलला की फोटो पुसटला. म्हणून सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून मंद जाऊ नये, असा फोटोग्राफरांचा जुना ठोकताळा. १९९५ साली कॅनननं हाताचं थरथरणं ओळखून आतल्या काचा सावरणारं झूम भिंग आणलं. २००१ साली तीच सोय त्यांच्या ७०-२०० एफ २.८ला मिळाली, पाठोपाठ निकॉनचंही तसंच भिंग आलं. उरला फिल्मचा मंदपणा, तो डिजिटल कॅमेऱ्यानं घालवला. निकॉनचा २००७चा डी-३ कॅमेरा ६४०० आयएसओवर चालत होता. आमचे स्नेही १०० आणि २००च्या फिल्मवर वाढलेले. तो आकडा ऐकून त्यांनी आधी दुकानदाराला वेड्यात काढलं होतं.

आता बोहल्यापासून वीस पावलं मागे या, म्हणजे साधारण पन्नास फूट. खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेपाशी. पूर्ण आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा आडवा धरा आणि भिंग ७०वर ठेवा. सुमारे २६ फूट रुंद, १७ फूट उंच एवढा भाग चौकटीत येतो. अख्खं स्टेज, तोरणांसकट. जागचे न हलता भिंगाची कडी २००पर्यंत फिरवा. आता उरतं नऊ फूट बाय सहा फूट. म्हणजे दोन पाटांवर बसलेली ती दोघं आणि मधला होम. मनगटाच्या एका वळणात सगळा मांडव गळून पडला! याला फायदे आहेत. मुंडावळ्यांआडचा चेहरा जवळून काढला तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. लांबून काढला तर तो माणसाचा चेहरा वाटतो. ही जादू भिंगाची नसून अंतराची असते, भिंग फक्त त्या अंतरावरून पाहू देतं. शिवाय फोटोग्राफर वर नसला की भटजींचे मंत्र थांबत नाहीत, करवली मोकळी हसते, आणि पाहुण्यांना नवरा-नवरीऐवजी फोटोग्राफरची पाठ पाहावी लागत नाही.

अर्थात ते प्रत्येक ठिकाणी चालत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत हळद असेल तर ७० मिलिमीटरमधूनही निम्मं कुटुंब बाहेर राहतं. दीड किलोच्या आसपासचं ते वजन सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत गळ्यात वागवायचं, तेही सोपं नाही. आणि हल्ली तर नेमक्या क्षणी मधे एखादा हात उंचावतो, हातात मोबाइल. त्या मोबाइलमध्येही आता टेलिफोटो भिंग असतं.

मला या भिंगाविषयी एक तक्रार आहे, आणि ती इतिहासाची आवड असलेल्या माणसाची आहे. मोठ्या तोंडाच्या लांब भिंगात नेमका चेहरा स्पष्ट येतो आणि मागचं सगळं धूसर होतं. लोकांना ते फार आवडतं. पण आपाच्या त्या चोवीस फोटोंत बघण्यासारखं जे आहे ते मागेच आहे. भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यात वायर लोंबणारा पंखा, मांडवाला बांधलेल्या चादरी, देगेपाशी उभा असलेला बावर्ची, आणि फ्लॅशच्या उजेडात डोळे मिटलेला बारा वर्षांचा मी. सोलापुरातल्या चादरींच्या घरात १९८२ साली लग्न कसं होई, हे त्या मागच्या गोष्टी सांगतात. पन्नास वर्षांनी आजचे अल्बम कुणी अभ्यासाला घेतले, तर त्याला चेहरे अप्रतिम मिळतील. पण जेवायला काय होतं, मांडव कशाचा होता, वाढपी कोण होते, बँडवाल्यांचे कपडे कोणत्या रंगाचे होते, यातलं पुष्कळसं धुक्यात गेलेलं असेल. आमचे स्नेही अजूनही पंगत साध्या रुंद भिंगानं काढतात. त्यांचा मुलगा त्याला जुनी सवय म्हणतो. मी स्नेह्यांच्या बाजूनं आहे.

आपाच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं लग्न २०१४ साली झालं. फोटोग्राफर तरुण होता, त्याच्याकडे हेच ७०-२०० होतं. रुखसतीच्या वेळी तो दाराबाहेर, पाण्याच्या पिंपांपाशी उभा होता. आतल्या पडवीत, खांबाला टेकून अम्मी एकटी रडत होती. ओढणी खांद्यावर घसरलेली. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यानं वीसेक फुटांवरून तो फोटो घेतला. डोकं, खांदे आणि खांबाचा एक तुकडा, बस्स. मी आजवर पाहिलेल्या लग्नाच्या फोटोंत इतका खरा फोटो दुसरा नाही. अल्बमचा नमुना घरी आला, सगळे त्या पानावर थबकले. अम्मीनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘मेरेकू पूछा था क्या उसने?’’

घरात कुणापाशीच याला उत्तर नव्हतं. ते पान अल्बममधून काढलं. १९८२ साली अम्मीचा एकही फोटो नव्हता याचं मला वाईट वाटत आलं होतं. २०१४ साली तो मिळाला, तर त्यासाठी तिला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या वेळी भिंग तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. दुसऱ्या वेळी ते असं पोचलं की तिला पत्ताही लागला नाही. काही महिन्यांनी तिनं तो सुटा फोटो मागवून घेतला आणि आपाच्या हाती दिला, ‘‘तू रख,’’ म्हणाली. तो आता आपाच्या कपाटात आहे.

या लांब भिंगांचा लग्नांना असलेला धाक जगभरचा आहे. १९८५ साली अमेरिकेत मॅडोना आणि शॉन पेन यांचं लग्न समुद्रकिनारी उघड्यावर लागलं, तेव्हा वर हेलिकॉप्टरं घिरट्या घालत होती, आणि त्यांत फोटोग्राफर लेन्स रोखून बसलेले. खालचं बोलणं ऐकू येईना इतका आवाज. उलट १९९६ साली जॉन केनेडी ज्युनिअर यांनी जॉर्जियाजवळच्या कंबरलँड बेटावर, मोजक्या माणसांत, लाकडी चर्चमध्ये लग्न केलं. पत्रकारांना ते आधी कळलंच नाही. तिथं बोलावलेला छायाचित्रकार एक, डेनिस रेगी. लग्नाचे फोटो ठाकठीक उभं करून काढू नयेत, बातमीदारासारखे घडताना टिपावेत, या पद्धतीचा तो पुरस्कर्ता. चर्चच्या दारातून बाहेर पडताना नवरा नवरीच्या हातावर ओठ टेकवतो, तो त्याचा फोटो जगभर गेला. तोही न थांबवता, न सांगता टिपलेला क्षण. पण पाहणारा घरच्यांनी बोलावलेला होता. आपल्याकडे ‘कँडिड’ या नावानं ही पद्धत आली ती मुख्यतः २०१०च्या आगेमागे. पद्धत आली, भिंग आलं. बोलावणं नेमकं कशाचं आहे, हे फोटोग्राफरशी बोलून घेण्याची सवय मात्र मागून येते आहे.

आमच्या स्नेह्यांकडे अलीकडे लग्नाचं काम ठरवताना दोन प्रश्न विचारतात. बायकांच्या बाजूला फोटो काढायचे का, आणि काढलेले आधी कुणाला दाखवायचे. पुष्कळ घरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘मुलीच्या आईला’ असं येतं. बायकांच्या बाजूचं काम आता त्यांची सून करते. पहिल्या लग्नाला ती आत गेली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण बाईच आहोत, आता लांब भिंगाची गरज नाही. छोटं भिंग लावून ती बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली. पण कॅमेरा हातभर अंतरावर आला की ओढण्या सावरल्या जायच्या, गप्पा थांबायच्या, सगळ्या सरळ बसायच्या. दुपारनंतर तिनं ७०-२०० चढवलं आणि पडवीच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. थोड्या वेळानं गप्पा पुन्हा सुरू झाल्या.